हनुवटीवरचे राठ केस लेसरने खरंच जातात का?

आर्या३१ :
नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ. विषय असा आहे की घरातसुद्धा कोणाशी धड बोलता येत नाही, म्हणून इथे विचारते. माझ्या हनुवटीखाली आणि जबड्याच्या दोन्ही कडांना जाड काळे केस येतात. चोविसाव्या वर्षी दोन-तीन होते, आता ३१ वय आहे आणि मोजायचं सोडून दिलंय. रोज सकाळी खिडकीत आरसा घेऊन बसायचं, बोटाने चाचपायचं, खुंट लागला की चिमट्याने ओढायचा, वीस मिनिटं यातच जातात. एखादा इतका आखूड असतो की बोटाला टोचतो पण चिमट्यात येत नाही, मग तो दिवसभर डोक्यात राहतो, मीटिंगमध्ये समोरचा बोलत असतो आणि माझा हात हनुवटीवर. उपटून उपटून तिथली कातडी काळवंडलीये, काही केस आतल्या आत वळून त्यांचे फोड झालेत.

आता लेसर करायचं मनात आहे, जमलं तर पाय आणि काखापण. एके ठिकाणी विचारायला गेले तर ते म्हणाले सहा सीटिंगमध्ये शंभर टक्के कायमचे जाणार, हमी देतो, आजच पॅकेज घ्या. आणि मैत्रीण म्हणते तिचे दोन वर्षांत सगळे परत आले, पैसे पाण्यात गेले. खरं कोणाचं मानायचं? माझा रंग सावळा आहे, भाजून डाग पडले तर काय ही धास्ती वेगळीच. दुखतं किती, आणि त्या किरणांनी पुढे कॅन्सर वगैरे होत नाही ना? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, चांगलं वाईट दोन्ही.

शमिका :
आर्या, बरं केलंस विचारलंस. हे खूप जणींना असतं गं, बोलत कोणी नाही एवढंच. मी काखा आणि पाय केलेत, काखेची आठ सीटिंग आणि पायाची नऊ, शेवटचं होऊन तीन वर्षं झाली. चेहऱ्याचं मला माहीत नाही, ते कोणीतरी दुसरं सांगेल.

आदल्या दिवशी रेझर फिरवून जायचं. तिथे गेल्यावर पांढऱ्या पेन्सिलीने पायावर चौकोन आखतात म्हणजे कुठलाही भाग दोनदा येऊ नये किंवा सुटू नये, मग थंडगार जेल, डोळ्यावर गॉगल. हँडपीस टेकवला की टक् असा आवाज आणि ताणलेला रबरबँड सटकन बसावा तसा चटका, त्याच्या मागोमाग गार. काखेत आणि घोट्याच्या हाडावर सगळ्यात जास्त लागतं, दात ओठ खाऊन पडून राहावं लागतं, पण मांडीवर मी चक्क गप्पा मारत होते. जळक्या केसांचा वास येतो, पहिल्यांदा मी दचकले होते, तो कातडीच्या वर राहिलेल्या खुंटांचा असतो. काखा दहा मिनिटांत झाल्या, पायांना तासभर लागला. नंतर प्रत्येक केसाच्या मुळाशी लाल बारीक पुरळ उठतं, ते संध्याकाळपर्यंत नाहीतर दुसऱ्या दिवशी बसतं.

यापुढचे दोन आठवडे कसे जातात ते मला कोणीच सांगितलं नव्हतं म्हणून मुद्दाम लिहिते. केस परत उगवताना दिसतात. मला वाटलं झालं, फुकट गेलं सगळं, मी घरी येऊन रडलेसुद्धा. आणि मग बाराव्या दिवशी अंघोळ करून पाय पुसताना पंच्यावर काळे ठिपके दिसले, बघते तर केस. एक चिमटीत धरला तर काही न दुखता, लोण्यातून ओढावा तसा निघून आला. ते उगवत नव्हते गं, आत मेलेले होते आणि कातडी त्यांना बाहेर ढकलत होती. पुढचे आठ-दहा दिवस असेच गळत राहिले आणि मग जवळजवळ दीड महिना पाय गुळगुळीत, मग परत थोडे आले पण विरळ आणि मऊ. प्रत्येक वेळी तेच, दर वेळी आधीपेक्षा कमी.

आज काखेत महिन्याला चार-सहा बारीक केस येतात, मांडीच्या मागे विरळ आहेत, वर्षातून एकदा टच-अप करते. म्हणजे शून्य नाही झाले. पण पूर्वी दर तीन आठवड्यांनी वॅक्सिंग आणि नंतर फोड असायचे ते सगळं संपलं, मला पुन्हा विचारलं तरी करूनच घेईन.

वाईट अनुभव पण सांगते. पाचव्या सीटिंगच्या आधी मी चार दिवस डोंगरात भटकून आले होते, गुडघ्याखाली पाय उन्हाने रापलेले. मी काही बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही आणि मागच्याच सेटिंगवर मारलं. चटका नेहमीपेक्षा जास्त बसत होता तरी मी म्हटलं असेल, सहन केलं. रात्रभर पाय धगधगत होते. सकाळी नडगीवर हँडपीसच्या टोकाएवढे चौकोनी चट्टे, एकाखाली एक ओळीने, शिक्के मारल्यासारखे. खपल्या धरल्या आणि मागे राहिलेले काळे डाग जायला आठ महिने लागले. तेव्हा आर्या, नेहमीपेक्षा जास्त भाजतंय असं वाटलं तर त्याच क्षणी थांबा म्हणायचं, पुढचा शॉट घेऊच द्यायचा नाही.

रेवा_आर :
मी स्किनच्या डॉक्टरांकडे लेसर मशीन चालवते, ११ वर्षं झाली. शमिकाताईंच्या पायाचं झालं ते वाचून फार वाईट वाटलं, कारण ते टाळता येण्यासारखं होतं, उन्हात गेला होतात का हा आमचा पहिला प्रश्न असायला हवा. जरा लांब लिहिते, पण एकदा आत काय होतं ते कळलं की बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच मिळतात.

लेसर केसाला ओळखत नाही, तो काळा रंग ओळखतो. केसात मेलॅनिन असतं, ते प्रकाश शोषून घेतं आणि तापतं, ती उष्णता केसाच्या मुळाशी आणि मुळाच्या जरा वर जिथे नवीन केस तयार करणाऱ्या पेशी असतात तिथे पोचते आणि त्या पेशी जळतात. रंग नेमका निवडायचा आणि आजूबाजूला धक्का न लावता तेवढंच तापवायचं ही कल्पना १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन डॉक्टरांनी मांडली, आज कुठलंही स्किनचं लेसर त्यावरच चालतं. आता अडचण अशी की मेलॅनिन फक्त केसात नसतं, ते कातडीतही असतं. रंग जितका सावळा तितकं कातडीत जास्त, ऊन लागून रापली की आणखी जास्त, म्हणजे केसासाठी सोडलेला प्रकाश वाटेत कातडीच शोषते आणि ती भाजते. शमिकाताईंना हेच झालं.

मग सावळ्या रंगाला लेसर चालतं कसं, तर त्याला तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे किरणांची लांबी, ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. अलेक्झांड्राइट ७५५, डायोड साधारण ८१०, आणि एनडी-याग १०६४. आकडा जेवढा मोठा तेवढा प्रकाश खोल जातो आणि वरच्या कातडीतलं मेलॅनिन त्याला कमी अडवतं, म्हणून गडद रंगाला एनडी-याग सगळ्यात सुरक्षित धरतात. तो जरा जास्त दुखतो आणि त्याला एखाद-दोन सीटिंग जास्त लागतात हे खरंय. डायोडही सावळ्या रंगावर नीट चालतो, पण चालवणाऱ्याला कळायला हवं. दुसरी गोष्ट शॉटचा वेळ. बारीक तार लवकर निवते आणि जाड सळई बराच वेळ गरम राहते, तसंच कातडीचा वरचा थर लगेच निवतो आणि जाड केस उष्णता धरून ठेवतो, म्हणून सावळ्या रंगाला तीच ताकद जरा सावकाश, जास्त मिलिसेकंदात सोडायची, म्हणजे कातडीला निवायला सवड मिळते. तिसरी गोष्ट गारवा, टोकाची थंड काच असो, थंड हवा असो किंवा स्प्रे. गारवा हा दुखू नये म्हणून आहे असं सगळ्यांना वाटतं, पण त्याचं मुख्य काम कातडी वाचवणं हे आहे.

आता कायमचं की तात्पुरतं. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय मशीन यांना मंजुरी देणारी सरकारी संस्था, एफडीए, तिने लेसरसाठी जो शब्द ठरवलाय तो कायमची घट असा आहे, कायमचं निर्मूलन असा नाही. म्हणजे ठरलेली सीटिंग झाल्यावर परत येणाऱ्या केसांची संख्या कमी होते आणि ती बराच काळ कमीच राहते. शंभर टक्के कायमचे अशी हमी देणाऱ्याकडून उठून यावं असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो कितीही गोड बोलो. एकेक केस सुई घालून जाळतात ते इलेक्ट्रोलिसिस मात्र कायमचं मानलं जातं, ते लेसरपेक्षा कितीतरी जुनं आहे. १८७५ साली चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने पापणीचे आत वळून डोळ्याला टोचणारे केस काढायला ते वापरल्याचं प्रसिद्ध केलं. वेळखाऊ आहे, पण पांढऱ्या केसांना तोच एक उपाय, कारण पांढऱ्या, सोनेरी किंवा लालसर केसात लेसरला पकडायला काळा रंगच नसतो.

सहा-आठ सीटिंग का लागतात, तर सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. काही वाढीला असतात, काही मुळापासून सुटत आलेले आणि काही नुसते आराम करत असतात. जो वाढीला आहे आणि मुळाला घट्ट आहे तोच लेसरने मरतो. बाकीचे त्या दिवशी वाचतात आणि पुढे कधीतरी वर येतात, त्यांना तेव्हा गाठायचं. म्हणून चेहऱ्याला ४ ते ६ आठवड्यांनी, काखेला साधारण ६ ते ८ आणि पायाला ८ ते १० किंवा १२ आठवड्यांनी बोलावतात. दर पंधरा दिवसांनी या असं कोणी सांगितलं तर त्याचा उपयोग नाही, आणि दोन सीटिंग करून सोडून देणारे तर अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात आणि मग लेसरला नावं ठेवतात.

आर्या, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, चिमटा आजच बंद करा. वॅक्स, थ्रेडिंग, एपिलेटर सगळंच बंद, किमान चार आठवडे आधी. केस मुळासकट उपटला की लेसरला तापवायला आत काही उरतच नाही. रेझर चालतो, कारण मूळ जागेवर राहतं. आणि रेझरने केस जाड होतात हे खरं नाही, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं एवढंच.

कॅन्सरचं विचारलंत. हा प्रकाश डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्या टोकाचा आणि त्याच्या पलीकडचा आहे, एक्स-रे किंवा अल्ट्राव्हायोलेट नाही, तो पेशीतला डीएनए तोडत नाही आणि काही मिलिमीटरपेक्षा खोल जात नाही. खरी भीती डोळ्यांची असते. गॉगल त्या मशीनच्या किरणांसाठीचाच हवा, आणि भुवयांच्या खालची बाजू, पापणी, तिथे लेसर करूच नये. तीळ झाकतात, टॅटूवर तर मारायचंच नाही, शाईच तापते.

निषाद :
पुरुषांचं पण एक लिहितो, कारण इथे वाचणारे असतीलच. मला मानेवर दाढीचे केस कुरळे, दाढी केली की कापलेलं टोक वळून परत कातडीत घुसायचं आणि पूर्ण गळाभर फोड, पू, कॉलर लागली की रक्त. किती क्रीम लावले, ब्लेड बदलले, काही नाही. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं की केस कातडीत घुसणं थांबवायचं असेल तर तिथले केसच कमी करावे लागतील. फक्त गळ्यावर एनडी-याग, पाच सीटिंग. तिसऱ्यानंतरच फोड येणं जवळपास थांबलं. केस सगळे गेलेले नाहीत, दाढी करतोच, पण उरलेले बारीक झालेत आणि आत घुसत नाहीत. गळ्याच्या घाटीजवळ जाम दुखतं, रबरबँड वगैरे नाही, गरम सुई टोचल्यासारखं, त्यामुळे शमिकाताईंच्या पायावरून चेहऱ्याचा अंदाज बांधू नका. आर्याताई, तुम्ही आत वळलेले केस म्हणताय ते मला वाटतं याने नक्की सुधारतील.

सुमेधा_प :
आर्या, तुझं वाचलं आणि मला माझीच सकाळ दिसली गं, तो खिडकीतला आरसा. मला पीसीओएस आहे, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनचा त्रास. माझा अनुभव वेगळा आहे आणि तू तो ऐकून मगच ठरव.

मी कुठलीही तपासणी न करता थेट लेसरला गेले होते. हनुवटीचं ठीक चाललं होतं, तर तिथल्या बाई म्हणाल्या गालावरची लवपण घेऊन टाकू, एकसारखं दिसेल. मी हो म्हटलं. चार महिन्यांनी जिथे नुसती मऊ भुरी लव होती तिथे काळे केस दिसायला लागले, आगीतून फुफाट्यात. मला वाटलं माझा भ्रम आहे, मग जुने फोटो काढून बघितले. नंतर ज्या स्किनच्या डॉक्टर मिळाल्या त्यांनी सांगितलं की हे होऊ शकतं, कमी जणांना होतं पण चेहरा आणि मान इथेच जास्त, सावळ्या रंगात आणि हार्मोनचा त्रास असणाऱ्यांत जास्त. कमी पडलेली उष्णता केसाला मारायच्या ऐवजी जागं करते असं त्या म्हणाल्या. बारीक लवेवर लेसर मारूच नये, ते राठ काळ्या केसांसाठीच आहे. मग तेच नवीन काळे केस काढायला आणखी सीटिंग लागली.

आणि त्याच डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं, टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, सोबत सोनोग्राफी. कारण लेसर आज आहेत ते केस घालवतो, पण शरीरात हार्मोन तसेच राहिले तर उद्या शेजारची लव राठ होऊन बाहेर येते. तुझ्या मैत्रिणीचं दोन वर्षांत परत आलं ते कदाचित याच्यामुळेच असेल. मला गोळ्या सुरू केल्या, त्यांचा केसांवर फरक दिसायला सहा महिने गेले, घाई करून चालत नाही. आता दर चार-पाच महिन्यांनी एक सीटिंग घेते आणि हे मी मान्य केलंय की माझ्या बाबतीत ते चालूच राहणार. पण आरसा घेऊन बसणं बंद झालं. गेल्या महिन्यात कोणीतरी माझ्या अगदी जवळ येऊन उजेडात बोलत होतं आणि मी तोंड फिरवलं नाही हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

पाळी अनियमित आहे का तुझी? वजन अचानक वाढलं का? आधी ते बघ गं.

आर्या३१ :
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचून काढलं. सुमेधाताई, हो, पाळी दोन दोन महिने येत नाही, कोणी या दोन गोष्टी जोडूनच दाखवल्या नव्हत्या मला. आधी डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या करते.

रेवाताई, आणखी दोन-तीन विचारू का. घरी वापरायचं मशीन मिळतं ते कसं असतं? दुखू नये म्हणून बधिर करायचं क्रीम आधी लावून जावं का? आणि मी पिंपल्ससाठी डॉक्सिसायक्लिन घेतेय, चालेल?

रेवा_आर :
विचारा ना, त्यासाठीच आहोत. घरची बहुतेक मशीन आयपीएलवर चालतात, ते लेसर नाही, त्यात अनेक लांबीचा प्रकाश एकत्र असतो. गोऱ्या कातडीवर काळा केस असेल तर थोडाफार उपयोग होतो, गडद रंगाला वापरू नका असं त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि काही मशीन तर रंग ओळखून चालूच होत नाहीत. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

क्रीमचं फार सांभाळून. हनुवटीसारख्या छोट्या जागेला डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, तिथेच, त्यांच्या समोर लावायला हरकत नाही. पण पूर्ण पायाला जाड थर लावून वर प्लास्टिक गुंडाळून घरून निघणं, हे अजिबात नाही. त्यातलं औषध रक्तात जाऊन फिट आणि हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत मजल गेलीये, तरुण मुलींचे जीव गेलेत याने.

डॉक्सिसायक्लिनने कातडी उन्हाला हळवी होते, तर ते आणि बाकी जे काही घेता, चेहऱ्याला लावायच्या क्रीमसकट, सगळं डॉक्टरांना दाखवा, बंद कधी करायचं ते त्याच सांगतील, स्वतःहून बंद करू नका. ओठाजवळ तापाचे फोड वारंवार येत असतील तर तेही सांगा, आधी गोळी देतात. गरोदरपणात आम्ही करत नाही, थांबतो.

आणि जिथे जाल तिथे कानामागे किंवा जबड्याखाली आधी दोन-चार शॉटचा टेस्ट पॅच मागा आणि निदान दोन दिवस थांबा. सावळ्या रंगात डाग उशिरा वर येतो, दहा मिनिटांत बघून ठीक आहे म्हणणाऱ्यावर विसंबू नका. मशीन कुठलं, किती जूलवर म्हणजे किती ताकदीवर मारलं, हे दर वेळी कागदावर लिहून ठेवताहेत का ते बघा, उद्या दुसऱ्या कोणाकडे जावं लागलं तर तो कागद कामाला येतो. सीटिंगनंतर दोन दिवस गरम पाणी, वाफ, घाम येईल असा व्यायाम नको, स्क्रब नको, सनस्क्रीन मात्र ढगाळ दिवशीही.

आर्या३१ :
बारा दिवसांनी लिहितेय. स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. रक्ताचे रिपोर्ट आले, पीसीओएसच निघालं. गोळ्या सुरू केल्यात, डॉक्सिसायक्लिन थांबवायला त्यांनीच सांगितलं. जबड्याखाली टेस्ट पॅच झाला, चार शॉट, एनडी-याग. चटका चांगलाच बसला, डोळ्यात पाणी आलं पण सहन होण्यासारखं होतं. लाल झालं होतं ते रात्रीपर्यंत गेलं, आज पाचवा दिवस, डाग नाही. पहिलं सीटिंग तीन आठवड्यांनी आहे.

चिमटा आईकडे दिलाय ठेवायला. पण आता हनुवटीवर खुंट दिसतात आणि तोंडावर रेझर लावायचं धाडसच होत नाहीये, काल हातात घेऊन परत ठेवला. कसा फिरवायचा नक्की?

सुमेधा_प :
मलापण पहिल्या वेळी रडू आलं होतं गं. कोणाला कळत नाही, खरंच. रात्री झोपायच्या आधी कर म्हणजे सकाळी लाली नसते.

रेवा_आर :
भुवयांसाठी जो छोटा सरळ रेझर मिळतो तो घ्या, नवीन. तोंड कोमट पाण्याने धुऊन साधं जेल किंवा मॉइश्चरायझर लावा, कोरड्यावर नको. डाव्या हाताने कातडी जरा ताणून धरायची आणि केस ज्या दिशेला झुकलेत त्याच दिशेने हलक्या हाताने, उलटा फिरवायचा नाही, नाहीतर तुमचे आत वळणारे केस अजून वळतील. फोडांच्या वरून नेऊ नका, कडेने घ्या. सीटिंगच्या आदल्या दिवशी शेवटचा हात फिरवा, त्या दिवशी सकाळी नको. एखाद-दुसरा खुंट राहिला तर राहू दे, तो आम्ही तिथे काढतो.